व्यसनमुक्तीच्या वर्गात पालकांची जागा

शालेय वयातील व्यसनांच्या प्रश्नावर आपल्याकडे जे काही होते, त्याचा शिरस्ता आता चांगला रुळला आहे. वरून परिपत्रक येते, मुख्याध्यापक ते सूचनावहीत फिरवतात, प्रभातफेरी निघते, निबंध आणि चित्रकला यांच्या स्पर्धा होतात, सातवी-आठवीची मुले मैदानात उभी राहून तंबाखू न खाण्याची सामुदायिक शपथ घेतात, तिची छायाचित्रे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे रवाना होतात आणि प्रकरण दफ्तरदाखल होते. (३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आमच्या शाळांच्या ऐन उन्हाळी सुटीत येतो, ही आणखी एक गंमत.) या खटाटोपामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु ज्या मुलाला आपण सकाळी शपथ देतो, तेच मूल संध्याकाळी वडिलांनी हातावर ठेवलेले पैसे घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवरून पुडी आणते आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी चघळत घरी येते, ही गोष्ट शाळा जोवर हिशेबात धरत नाही, तोवर त्या शपथेला फारसे मोल येणार नाही.

कायद्याच्या तरतुदींची वाण आहे असे म्हणता येणार नाही. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. आणि मुलाच्या हाती दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा २०१५ च्या बालन्याय कायद्याने सांगितली आहे. अंमलबजावणीविषयी न बोललेलेच बरे. पण उद्या प्रत्येक टपरीसमोर हवालदार उभा केला, तरी माजघरात आजीने उघडलेल्या मिश्रीच्या डबीचा बंदोबस्त तो कसा करणार? २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातील फेरीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करणारी आढळली, हा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. त्याच सर्वेक्षणातील दुसरी गोष्ट मात्र मला अधिक अस्वस्थ करणारी वाटते. खाण्याच्या वा चघळण्याच्या तंबाखूची चव ज्यांनी कधी ना कधी घेतलेली होती, अशा मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच घेतली होती. नऊ वर्षांच्या मुलाला ‘वाईट संगत’ लागली, असे म्हणण्याची सोय राहत नाही. त्या वयात त्याची संगत आपणच असतो.

मुलाला एकट्याला गाठून उपदेश करण्याचा एक मोठा आणि खर्चिक प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १९८३ साली लॉस एंजेलिस येथे गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गावर पाठवून अमली पदार्थांना नकार देण्याचे धडे देण्याची ‘डेअर’ नावाची योजना निघाली, ती देशभर पसरली, आणि पुढे संशोधकांनी जेव्हा तिची रुजुवात केली, तेव्हा ते धडे घेतलेली आणि न घेतलेली मुले यांच्या वर्तनात टिकाऊ असा फरक जवळजवळ आढळलाच नाही. आमच्या प्रभातफेऱ्यांची अशी तपासणी कोणी केली, तर निष्कर्ष याहून निराळा निघेल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

याच्या उलट एक प्रयोग त्याच देशात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आयोवा राज्यातील लहान गावांत १९९३ पासून झाला, आणि त्याची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. दहा ते चौदा वर्षांची मुले आणि त्यांचे आईबाप आठवड्यातून एका संध्याकाळी, अशा सात संध्याकाळी, बहुधा शाळेतच जमत. पहिला तास मुले एका खोलीत आणि पालक दुसऱ्या खोलीत, आणि दुसरा तास सगळे मिळून. त्यात अमली पदार्थांच्या भीषण परिणामांची चित्रे फारशी नव्हती. राग आलेला असताना मुलाशी कसे बोलावे, घराचे नियम कोणी आणि कसे ठरवावेत, नियम मोडल्यावर मार न देता कोणती शिक्षा द्यावी, मुलाचे ऐकून घेणे म्हणजे नेमके काय करणे, असे अगदी घरगुती विषय तेथे चर्चेला असत. आणि मुलांच्या खोलीत मित्रांच्या आग्रहाला तोंड देण्याबरोबरच आईबापांवरील ताण समजून घेण्यालाही वेळ दिला जाई. पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर त्या मुलांत दारू व तंबाखू सुरू करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. तथापि हेही नमूद केले पाहिजे, की स्वीडन आणि पोलंडमध्ये तोच अभ्यासक्रम उचलून नेला गेला, तेव्हा तसा गुण दिसून आला नाही. म्हणजे भाषांतर करून जिल्हा परिषदेच्या शाळांत वाटण्याजोगी ही वस्तू नव्हे. ती येथे, आमच्या घरांच्या चालीरीती पाहून, नव्याने बांधावी लागेल.

आइसलँडचा दाखलाही अलीकडे वारंवार दिला जातो. तेथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात झिंग येईपर्यंत दारू प्यायल्याचे सांगितले होते. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. पालकांनी शाळाशाळांतून एकमेकांशी केलेले लेखी करार, रात्री मुलांनी घरी परतण्याच्या कायदेशीर वेळा आणि खेळ-संगीतासाठी सरकारी पैसा, असा तो त्रिविध उपाय होता. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीचा, सधन देश. त्याच्याशी आमची तुलना बेताचीच.

आमच्या अनुभवातही पुरावा आहेच. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हापासून तेथे केवळ रुग्णावर नव्हे, तर त्याच्या पत्नीवर आणि घरच्यांवरही लक्ष दिले जाते, कारण व्यसन हा संपूर्ण कुटुंबाचा आजार आहे हे तेथील मंडळींना अनुभवाने कळले होते. मग जे शहाणपण चाळिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत आम्हांला मान्य आहे, ते बारा वर्षांच्या निरोगी मुलाच्या बाबतीत का नसावे?

आक्षेप येईल तो अब्रूचा. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही, हा आमच्या मध्यमवर्गाचा मोठा सद्गुण समजला जातो, आणि गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सिंधूने मूकपणे सोसले म्हणूनच महाराष्ट्र शंभर वर्षे तिच्यासाठी रडत आला आहे. त्या मूकपणाची पूजा करण्यात आम्ही थोडी घाई केली, असे आता म्हणावयास हवे; बाप पिऊन येतो हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि कोणीही ते उच्चारत नाही, अशा घरात मुलगा पहिला धडा शिकतो तो दारूचा नसून लपवण्याचा असतो. शिवाय शिक्षकांच्याही खिशात पुडी असते. पालकांच्या जोडीने काही गुरुजनांनाही त्या खोलीत बसवावे लागेल.

यंत्रणा नव्याने उभारण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमावयास लावली असून तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे बंधन आहे. आज ही समिती पोषण आहार आणि बांधकामाच्या ठरावांवर सह्या करते. तिच्याकडे वर्षातून सात संध्याकाळी सोपवाव्यात. त्यासाठी अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि एखादा व्यसनातून बाहेर पडलेला गावकरी यांना थोडे प्रशिक्षण व योग्य मानधन द्यावे. आणि बैठक मजुरीची वेळ टळून गेल्यावर, रात्री आठ वाजता ठेवावी, कारण दुपारी तीनला बोलावलेल्या पालकसभेस कोण येते हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो.

बीडसारख्या जिल्ह्यांत हेही पुरणार नाही. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांच्या किंवा हंगामी वसतिगृहाच्या हवाली असतात. तेथे पालक म्हणजे आजी, आणि त्या संध्याकाळचे बोलावणे तिच्याच नावाने गेले पाहिजे. आईबापांच्या सात बैठका मात्र जून ते सप्टेंबर या महिन्यांत, टोळी गावातून हलण्यापूर्वी, उरकून घ्याव्या लागतील.