पाच अश्वशक्तीचा हिशोब

पुण्याच्या मंडईत गेल्या महिन्यात जाणे झाले. कोपऱ्यातल्या गाळ्यावर एक म्हातारी बाई पाव किलो वांगी घेत होती. तिचा एक डोळा वांग्यावर होता आणि दुसरा काट्यावर. काट्यावरचा आकडा स्थिर झाल्याशिवाय तिने पिशवी पुढे केली नाही. १८८६ साली ही मंडई उघडली तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. आज तिच्यावर त्यांचेच नाव आहे. असो.

कापूस विकताना आपणही त्या बाईसारखेच काट्याला डोळा लावून बसतो. क्विंटलमागे किलोभर कमी भरला तर भांडतो. मग विजेच्या बाबतीत आपली ही नजर कुठे जाते? पंपाच्या पाटीवर ५ अश्वशक्ती लिहिले म्हणजे ५ अश्वशक्ती, असे वीज खाते म्हणते आणि आपण मान डोलावतो. पाटीवरचा आकडा हा मोटारीची ताकद सांगतो. तिने वीज किती घेतली, हे तो सांगत नाही. पन्नास किलोच्या पोत्यात माल किती भरला, हे पोत्यावरच्या छापावरून कोणी ठरवील काय?

शेतकरी भावांनो, हिशोब अवघड नाही. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. थ्री फेजच्या मोटारीला दोन तारांमधले व्होल्ट गुणिले एका तारेतले अँपिअर, त्याला १.७३२ ने गुणायचे आणि पुन्हा पॉवर फॅक्टरने गुणायचे. तो साधारण ०.८ धरा. ४१५ व्होल्ट आणि ८ अँपिअर असतील तर उत्तर येते ४,६०० वॅट. म्हणजे तासाला ४.६ युनिट. ५ अश्वशक्तीची मोटार व्यवस्थित चालली तर एवढीच वीज घेते.

आता दाब ३२० व्होल्टवर उतरला असे समजा. मोटारीला पाणी तर तेवढेच उचलायचे असते, म्हणून ती प्रवाह जास्त ओढते. ८ चे १० अँपिअर होतात. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६४ च्या जागी १००. दीडपटीहून जास्त. वाइंडिंग जळते ते असे. दाब कमी म्हणजे मोटारीला आराम, हा आपल्यातला मोठा गैरसमज आहे. कपाशी बोंडावर असताना विहिरीतले एकच पाणी द्यायचे असते आणि नेमकी त्याच आठवड्यात मोटार रिवाइंडिंगला जाते. पाणी चुकले की बोंड गेले. त्याचे पैसे कोणत्या बिलात लिहायचे?

भारतीय वीज नियम, १९५६ यांनी अशा पुरवठ्याच्या दाबात ६ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू नये असे सांगितले होते. ४१५ वर ६ टक्के म्हणजे २५ व्होल्ट. ३९० च्या खाली गेले की दोष पुरवठ्याचा. पण हे बोलायला हातात आकडा हवा, आणि तो स्टार्टरपाशी मोजलेला हवा. कारण दरवेळी दोष सरकारचाच असतो असे नाही. स्टार्टरपाशी ४०० व्होल्ट आणि विहिरीच्या काठावर मोटारीपाशी ३८० असतील, तर मधले २० आपल्याच केबलने खाल्ले. २० ला १.७३२ ने भागले की एका तारेचे साडेअकरा व्होल्ट. त्याला ८ अँपिअरने भागले की १.४४ ओहम, हा त्या तारेचा रोध. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दोनशे मीटर ओढली तर रोध एवढाच येतो. उत्तर ३ किंवा ४ ओहम आले तर तार बारीक आहे, नाहीतर कुठेतरी जोड कच्चा आहे. मात्र हा सरळ भागाकार तारेलाच लागू. चालू मोटारीचे व्होल्ट अँपिअरने भागून तिच्या वाइंडिंगचा रोध काढू नका, तो चुकणारच.

कोणी म्हणेल, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज पाच वर्षे मोफत झाली, आता हिशोब कशाला? मला तर आता तो जास्तच गरजेचा वाटतो. बिल शेतकऱ्याच्या नावाने फाडायचे आणि सरकारने भरायचे. घेणाऱ्याला आकडा बघायचे कारण नाही, देणाऱ्याला कमी दाखवायचे कारण नाही. २००३ च्या विद्युत कायद्याने दोन वर्षांत सर्वांना मीटर बसवायला सांगितले होते, तरी बिनमीटरचे पंप उरलेच. त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो. वाटेत गळालेली आणि चोरीला गेलेली वीज त्या अंदाजात सहज लपते. मग शहरात बोंब होते, शेतकरी फुकटची वीज खातो. किती खातो ते आपण मोजलेले नाही, म्हणून आपल्याला उत्तर देता येत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून एक वही घालावी. तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर आणि पंप किती तास चालला. महिनाभराची वही जिल्ह्याच्या बैठकीला आणावी. मंडईतून मी पायी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या विजेच्या दुकानांत गेलो आणि एक टाँग टेस्टर घेऊन आलो. एका डीपीला एक पुरतो. तार न कापता त्याच्या चिमट्यात प्रवाह मोजता येतो. व्होल्ट मोजायला पेटी उघडावी लागते, ते काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, ओल्या पायांनी कोणी हात घालू नये. आणि चिमट्यात एका वेळी एकच तार धरा. तिन्ही एकदम धरल्या तर मोटार जोरात चालू असली तरी टेस्टर शून्य दाखवतो. पहिल्या दिवशी माझे तसेच झाले आणि मी दुकानदाराला अर्धा तास शिव्या घातल्या.