समुद्र मागं सरला तर शिंपले वेचायला जाऊ नका

निवडणुकीचा निकाल लागला की ‘अमक्याची त्सुनामी’ असा मथळा ठोकणाऱ्यांत मीही आहे. शब्द आम्हीच स्वस्त केला. त्यामुळं खऱ्या त्सुनामीचा विषय काढला की कट्ट्यावर उत्तर ठरलेलं, "आपल्याला काय, मधे सह्याद्री हाय की!"

सह्याद्री आहे, पण शनिवार-रविवारी निम्मं कोल्हापूर गगनबावडा नाहीतर आंबा घाट उतरून वाळूवर असतं, त्याचं काय?

आणि अरबी समुद्रात हे होत नाही, असंही नाही. २८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानलगत, ८ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास लाटा मुंबईत होत्या. उंची साधारण २ मीटर. माणसं वाहून गेली.

दोन मीटर म्हणजे किरकोळ वाटतं, कारण आपल्या डोळ्यांपुढं उधाणाची लाट असते. ती येते, फुटते, परत जाते. त्सुनामीत समुद्राचा तळच हलतो आणि वरचं सगळं पाणी ढकललं जातं. चार किलोमीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटर, विमानासारखा. तिथं होडीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. उथळ पाण्यात पुढचं पाणी मंदावतं, मागचं रेटत राहतं, म्हणून ती वर चढते आणि कित्येक मिनिटं आत येतच राहते. पूरच म्हणा, पण पळत आलेला. शिवाय एकच लाट नसते. बऱ्याचदा दुसरी-तिसरी जास्त मोठी असते. पूर बघायला मोबाईल घेऊन शिवाजी पुलावर जाणारी माणसं आपण, पहिली लाट ओसरल्यावर काय करू ते सांगायला नको.

२६ डिसेंबर २००४ ला तमिळनाडूत लाट पोचायला दोनेक तास लागले होते. पण सांगणारी यंत्रणाच नव्हती. हजारो माणसं गेली. आता २००७ पासून हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये इशारा केंद्र आहे, ते काही मिनिटांत इशारा देतं. मकरानचा भूकंप कोकणात जाणवेलच असं नाही, पण हाताशी चार-साडेचार तास मिळू शकतात. माझा प्रश्न पुढचा आहे. हैदराबादचा तो इशारा वाळूवर उंटावर बसलेल्या पोराला कोण सांगणार? गेल्या वर्षी ज्या किनाऱ्यावर गेलो होतो तिथं ‘पोहणे धोक्याचे’ अशी पाटी होती. उंचावर जायचं तर कुठल्या वाटेनं, हे कुठंच नव्हतं. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांनी असली तयारी करून २०२० मध्ये युनेस्कोची मान्यता मिळवली. कोकणातल्या गावांना ते जमणार नाही, असं काही नाही.

राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ आहे. कारण २०१९ आणि २०२१ नं ती पाठ करून घेतली. समुद्राचं एवढंच पाठ करा : पाणी अचानक लांब मागं सरलं, तर मागं वळून उंचावर पळायचं. न सरताही लाट येऊ शकते, म्हणून इशारा आला तर वाट बघत थांबायचं नाही. आणि ‘धोका टळला’ असं प्रशासन सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही.

डिसेंबरात शाळांच्या सहली कोकणात निघतील. गुरुजी, संमतीपत्रावर आमची सही घेता तेव्हा बसमध्ये पाच मिनिटं पोरांना हे सांगाल का?