मन घेत नाही म्हणजे हराम नव्हे

दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, बोत्सवाना या देशांत मोपाने नावाच्या झाडावर एका पतंगाच्या अळ्या वाढतात. बायका त्या वेचतात, पोट पिळून साफ करतात, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवतात. वाळलेल्या अळीत निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. हे ऐकून आपण लगेच म्हणतो, "छी!" पण याच कुळातल्या टसर पतंगाच्या कोशाचं, भंडारा-गडचिरोलीकडचं रेशीम आपल्याकडे कौतुकाने नेसलं जातं.

टोळ हलाल आहे. इतर कीटकांबाबत मजहबांत मतभेद आहेत. ते उलेमा पाहतील. प्रश्न त्या 'छी'चा आहे. हदीसमध्ये येतं, प्रेषितांसमोर (स.) भाजलेला 'दब्ब', म्हणजे वाळवंटातला सरडा, वाढला गेला. त्यांनी हात मागे घेतला. हराम नाही, आमच्या भागात तो नसतो म्हणून मन घेत नाही, एवढंच सांगितलं. खालिद बिन वलीद यांनी तो त्यांच्यादेखतच खाल्ला.

नंदुरबार जिल्ह्यात, चिंचपाड्यासारख्या गावांच्या परिसरात आदिवासी आपले शेजारी आहेत. त्यांनी रानातून काय आणलं, काय शिजवलं, यावरून त्यांना 'जंगली' म्हणणारे आपल्यातही आहेत. २०१५च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आपल्या डब्याकडे संशयाने पाहिलं गेलं, ते आपल्याला बोचलं. मग तीच नजर आपण शेजाऱ्याच्या ताटाकडे का वळवावी? नको असेल तर खाऊ नये. नाक मात्र मुरडू नये, आणि मुलांनाही तेच शिकवावं.