हिमप्रदेशी सहकुटुंब : थोड्या खर्चात, पुरेशा उजेडात

आकाशात हिरवा प्रकाश लहरताना पाहावा, गुडघाभर बर्फात मुलांनी मनसोक्त लोळावे, ही इच्छा आता आपल्या घराघरांतून ऐकू येऊ लागली आहे. त्यापाठोपाठ पर्यटन कंपन्यांची रंगीत पत्रके येतात, त्यांवरील आकडे पाहून घरातील कर्ते माणूस गप्प होते आणि मग ‘हप्त्यांनी भरता येईल’ असा धीर कोणीतरी देतो. या लेखात प्रथमच एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. सहल ही कर्ज काढून करण्याची गोष्ट नव्हे. मात्र आर्क्टिक वृत्ताजवळची हिवाळी सहल केवळ धनिकांसाठीच असते, हेही खरे नाही. तिचा खर्च मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : आपण कोणत्या तारखांना जातो आणि तेथे कोणत्या गोष्टी विकत घ्यावयाच्या नाहीत हे आपल्याला किती नेमके कळते.

उदाहरणादाखल आपण फिनलंडच्या उत्तर भागातील लॅपलँड आणि त्यातील रोव्हानिएमी हे शहर घेऊ. आर्क्टिक वृत्त या शहराच्या किंचित उत्तरेकडून, सुमारे ८ किलोमीटरवरून जाते. शहरात रेल्वे आहे, विमानतळ आहे, मोठी किराणा दुकाने आहेत, रुग्णालय आहे. मुलांना घेऊन प्रथमच इतक्या थंड प्रदेशात जाणाऱ्यांना या सोयी फार उपयोगी पडतात.

केव्हा जावे?

बहुतेकांच्या मनात डिसेंबर असतो, कारण नाताळची सुट्टी त्याच वेळी मिळते. परंतु सर्वाधिक दर असतात तेही नेमके त्याच दिवसांत. युरोपभरची कुटुंबे तेव्हा तेथे उतरतात आणि साध्या खोलीलाही एरवीच्या कितीतरी पट भाडे मोजावे लागते. त्यातून उजेड अत्यल्प असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास रोव्हानिएमीत सूर्य जेमतेम २ तास क्षितिजावर असतो. आणखी उत्तरेला, उत्स्योकीसारख्या गावी, तो कित्येक आठवडे उगवतच नाही. फिनिश लोक या काळाला ‘कामोस’ म्हणतात.

आपल्या घरांतील अनेकांच्या दृष्टीने हा केवळ भूगोलाचा प्रश्न राहत नाही. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम पाळणाऱ्याने डिसेंबरच्या त्या दिवसांत काय करावे? सकाळी ११ नंतर सूर्योदय, त्यानंतर नवकारसीची ४८ मिनिटे, आणि दुपारी दीडच्या आतच सूर्यास्त. म्हणजे दिवसभराचे खाणेपिणे तासा-सव्वातासात उरकावे लागेल. मोठ्या माणसाला ते कदाचित जमेल. मात्र उणे १५ अंशांत खेळून आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला दुपारी साडेतीनला भूक लागणारच, कारण थंडीत शरीर अधिक ऊर्जा खर्च करते. अशा वेळी नियम कसा धरावा हे ज्याने त्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांशी व गुरुजनांशी बोलून ठरवावे, आणि ते निघण्यापूर्वी ठरवावे. विमानतळावर उतरल्यावर त्यावरून घरात वाद होणे कोणालाच हितावह नाही.

परंतु तारखा बदलल्या तर हा पेच पुष्कळसा आपोआप सुटतो. जानेवारीच्या मध्याला दिवस सुमारे ४ तासांचा होतो, फेब्रुवारीच्या मध्याला ८ तासांचा, आणि २१ मार्चच्या सुमारास आपल्याकडल्याप्रमाणेच १२ तासांचा. मार्चच्या उत्तरार्धात तेथे बर्फाचा थर बहुधा सर्वांत जाड असतो. दिवसाचे तापमान अनेकदा शून्याच्या थोडे खाली असते, ऊन लखलखीत पडते आणि रात्री मात्र पुरेशा काळोख्या असतात. विषुवदिनांच्या आसपास ध्रुवीय प्रकाशाच्या हालचालीही वाढतात असे दीर्घकालीन निरीक्षण आहे. फिनलंडच्या शाळांची हिवाळी सुट्टी वेगवेगळ्या विभागांना फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आळीपाळीने मिळते. ते आठवडे आणि ईस्टरची सुट्टी टाळावी. या दोहोंच्या मधले मार्चचे दिवस आपले.

केंद्रीय मंडळाच्या अनेक शाळांत वार्षिक परीक्षा आणि एप्रिलमधील नवे वर्ष यांच्या दरम्यान काही दिवस मोकळे मिळतात. त्यांना हा काळ सोयीचा आहे. राज्य मंडळाच्या शाळांत परीक्षा एप्रिलपर्यंत लांबतात. एप्रिलअखेरही लॅपलँडच्या उत्तर भागात बर्फ असतो, परंतु रात्री उजळ झाल्याने ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, हे ध्यानात घेऊन निर्णय करावा. युरोपात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ६ जानेवारीनंतरचे आठवडेही स्वस्त पडतात.

कसे जावे, कोठे राहावे?

फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क २०२४ च्या जूनपासून प्रौढांस ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतील मुलांस ४५ युरो असून ६ वर्षांखालील बालकांस शुल्क नाही. आई-वडील, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी असे कुटुंब धरल्यास हा खर्च २२५ युरो होतो. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा आकार त्यावर निराळा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण आवश्यक असते. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तो लवकर करावा, आणि व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येण्याजोगेच निवासाचे आरक्षण करावे.

हेलसिंकी ते रोव्हानिएमी हे अंतर ८०० किलोमीटरहून अधिक आहे. विमान सव्वा-दीड तासात पोहोचवते, तर रात्रीची गाडी सुमारे १२ तास घेते. चौघांसाठी शेजारशेजारच्या दोन शयनकक्षांचे आरक्षण लवकर केल्यास एका रात्रीचे हॉटेल वाचते आणि मुलांसाठी ती रात्रच सहलीतील एक आनंद ठरते. मात्र विमान आणि रेल्वे ही तिकिटे परस्परांशी बांधलेली नसतात. विमानास उशीर झाला तर गाडीचे पैसे बुडतात. म्हणून दोहोंमध्ये भरपूर अंतर ठेवावे किंवा एक रात्र हेलसिंकीत काढावी.

निवासासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. खर्च वाचवणारा याहून मोठा उपाय नाही. काचेच्या छताच्या खोल्या चित्रांत मोहक दिसतात, पण आकाशात ढग असले तर त्या काचेचे भाडे वाया जाते.

आहाराची व्यवस्था

मुगाची डाळ, तांदूळ, भाजणी, मेतकूट, खाखरे, मसाले बरोबर न्यावेत. पण एक नियम लक्षात असू द्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणून तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. कढीपत्ता आणि ताज्या भाज्याही नेऊ नयेत. दूध, दही, लोणी, ओट, बेरी फळे, कोबी, टोमॅटो तेथे सहज मिळतात. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असते, त्यामुळे बाटल्यांवर खर्च नको. पाणी उकळून पिणाऱ्यांना सदनिकेत बहुधा विजेची किटली असतेच.

वेष्टनावरील मजकूर फिनिश व स्वीडिश भाषांत असतो. त्यासाठी काही फिनिश शब्द मुलांकडूनच पाठ करून घ्यावेत. ‘लिहा’ म्हणजे मांस. आपल्या भाषेतील ‘लिहा’ म्हणून मुले तो कधीच विसरणार नाहीत. ‘काला’ म्हणजे मासे, ‘कानानमुना’ म्हणजे अंडे, ‘लीवाते’ म्हणजे जिलेटिन, ‘सिपुली’ म्हणजे कांदा, ‘वाल्कोसिपुली’ म्हणजे लसूण, ‘पेरुना’ म्हणजे बटाटा आणि ‘पोर्क्काना’ म्हणजे गाजर. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांत आणि काही दह्यांतही जिलेटिन असू शकते, तेव्हा ‘लीवाते’ हा शब्द विशेष लक्षात ठेवावा. फोडणी करताना पंखा चालू असावा, धुराची सूचना देणारी घंटा तेथे घरोघर असते.

कपडे

थंडीचे कपडे विकत घेण्यात अनेक कुटुंबांचे पैसे विनाकारण जातात. तत्त्व तीन थरांचे आहे. अंगालगतचा थर घाम बाहेर टाकणारा, मधला ऊब धरणारा, बाहेरचा वारा अडवणारा. सुती कपडे अंगालगत घालू नयेत. ते घाम धरून ठेवतात आणि ओल्या कापडातून अंगातील ऊब झपाट्याने निघून जाते. पिसे, लोकर वा चामडे ज्यांना नको असेल त्यांना कृत्रिम धाग्यांचे चांगले पर्याय मिळतात. जाड बाह्यपोशाख आणि बूट रोव्हानिएमीत भाड्याने मिळतात, वापरलेल्या वस्तूंच्या ‘किर्पुतोरी’ बाजारांत मुलांचे कपडे स्वस्तात मिळतात. बूट एक माप मोठे असावेत, कारण आतील हवाच पाय उबदार ठेवते. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा एकत्र राहणारे मोजे अधिक ऊब देतात. आजी-आजोबा बरोबर असल्यास बुटांखाली लावायचे काटेरी पट्टे अवश्य घ्यावेत. अंधारात चालताना प्रत्येकाच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असणे फिनलंडमध्ये अपेक्षित असते, ती काही युरोंत मिळते.

पैसे न मोजता काय करता येते?

लॅपलँडमध्ये सर्वांत महाग असतात त्या रेनडिअर आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या. प्राण्यांकडून ओढून घेणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी त्या टाळल्याने सहल उणी झाली असे मुळीच समजू नये. मुलांना मोह होईल, म्हणून कारण त्यांना घरीच समजावून सांगावे. त्याच वेळी, रेनडिअरपालन ही तेथील सामी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे हेही सांगावे. आपला नियम आपल्यासाठी असतो, दुसऱ्याच्या जीवनाचा उपहास करण्यासाठी नसतो.

फिनलंडमध्ये जंगलांतून मुक्तपणे हिंडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पाहुण्यांनाही. शहरालगतच्या औनास्वारा टेकडीवर पायवाटा आहेत. बर्फाचे उतार सर्वत्र आहेत आणि प्लास्टिकची छोटी घसरगाडी, ‘पुल्का’, अल्प किमतीत मिळते. मुलांचे तीन दिवस त्यावर सहज जातात. कडाक्याच्या थंडीत साबणाचे फुगे फुंकले की त्यांवर हिमाची नक्षी उमटते. आर्क्टिक वृत्तावरील सांताक्लॉज ग्रामात प्रवेश आणि सांताची भेट विनामूल्य असते, पैसे छायाचित्रांचे घेतात. शहराच्या बसने तेथे जाता येते. तिकीट काढून एकच ठिकाण पाहावयाचे असेल तर ‘आर्क्टिकुम’ हे संग्रहालय पाहावे. आणखी दोन दिवस हाती असतील तर इनारी येथील ‘सीदा’ या सामी संग्रहालयापर्यंत जावे. इनारी सामी ही केवळ काहीशे लोकांची भाषा. १९९७ पासून लहान मुलांसाठी ‘भाषेची घरटी’ चालवून तिला जगवले गेले. परदेशी मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांना ही हकिकत जवळची वाटेल.

आणि ध्रुवीय प्रकाश? तो तर मुळातच विनामूल्य आहे. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वातावरणातील वायूंवर आदळतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे हिरवा रंग उमटतो, त्याहून वर लाल. फिनिश भाषेत त्यांना ‘कोल्ह्याच्या ज्वाळा’ म्हणतात, कोल्ह्याच्या शेपटीने उडालेल्या ठिणग्या अशी लोककथा आहे. महागड्या फेरीऐवजी शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेकडचे आकाश मोकळे दिसेल अशा नदीकाठी वा तळ्याकाठी जावे. मुलांना दुपारी झोपवावे आणि रात्री दहा ते एकच्या दरम्यान थोडा थोडा वेळ बाहेर यावे. किमान चार रात्री हाताशी असाव्यात, कारण ढगांवर कोणाचाच ताबा नाही.

म्हणूनच निघताना मुलांना ‘तुला तो प्रकाश दाखवतो’ असे वचन देऊ नये. ‘आपण तो शोधायला जाऊ’ असे सांगावे. चारही रात्री आभाळ भरलेले राहिले तरी बर्फ, रात्रीची गाडी, नव्या भाषेतील आठ शब्द आणि आई-वडिलांचे सलग सहा दिवस एवढे मुलांच्या पदरी निश्चित पडते. हिशेबाच्या वहीत विमानभाडे, निवास, व्हिसा-विमा, किराणा आणि कपडे असे पाच रकाने आजच आखा, आणि सहावा रकाना प्रत्येक मुलाने स्वतः निवडलेल्या एका सशुल्क गोष्टीसाठी ठेवा. बेरीज आपल्या बचतीत बसली तर पुढल्या मार्चची तयारी सप्टेंबरात सुरू करावी. न बसली तर वही जपून ठेवावी आणि दरमहा थोडी रक्कम त्यासाठी बाजूला टाकावी. बर्फ त्या पुढल्या वर्षीही पडेल.