गावाचे नाव, मालकाचा संघ

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो असताना आमच्या अण्णांनी मला एक प्रश्न विचारला आणि माझी बोबडी वळली. अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेची पायरी त्यांनी दोन-तीन वर्षे चढली असेल-नसेल; पुढे सारा जन्म दुसऱ्याच्या रानात सालगडी म्हणून गेला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीचे उत्तर मला यावे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे!

शेजारी टीव्हीवर आयपीएलचा सामना चालू होता. लखनौचा संघ खेळत होता. या संघाचा मालक कोण, खेळाडूंचा लिलाव कसा होतो, हे मी मोठ्या ऐटीत सांगत होतो. अण्णा म्हणाले, "गडी साल धरून ठिवल्यात, हे कळलं मला. पन मालक कलकत्त्याचा म्हन्तूस, गडी चार मुलखाचं. मग त्यात लखनौचं काय हाय रं?"

मित्रहो, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलाजवळ या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तेव्हापासून वाचनालयात बसून जे थोडेबहुत वाचले, त्यावरून माझे जे मत बनले ते येथे मांडतो आहे. सर्वांना ते पटेलच असे नाही. आमच्या वर्गातल्या क्रिकेटवेड्या मित्रांना तर मुळीच पटणार नाही.

लखनौच्या या संघाचे नाव 'सुपर जायंट्स' हे आहे. हे नाव मूळचे लखनौचे नव्हेच. ते आपल्या पुण्याचे! २०१५ साली चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली. रिकाम्या जागी दोन वर्षांपुरते दोन संघ घेण्याचे मंडळाने ठरविले आणि त्यासाठी उलटा लिलाव मांडला. मंडळाकडून सर्वांत कमी रक्कम जो मागेल, त्याला संघ. संजीव गोएंका यांच्या कंपनीने पुण्यासाठी शून्याच्याही खाली जाऊन बोली लावली. वर्षाला १६ कोटी रुपये आपणच मंडळाला देऊ, असे सांगितले. राजकोटच्या संघासाठी हाच आकडा १० कोटींचा होता. हा संघ २०१६ व २०१७ असे दोन हंगाम खेळला. २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत अंतिम सामना मुंबईविरुद्ध झाला. मुंबईच्या १२९ धावा, पुण्याच्या १२८. एका धावेने पुणे हरले आणि त्यानंतर तो संघच उरला नाही. करार संपला, दुकान उठले. २०२१ मध्ये मंडळाने दोन नवे संघ विकायला काढले, तेव्हा ज्या सहा शहरांची यादी केली होती तीत पुण्याचे नावही नव्हते. त्याच मालकांनी ७,०९० कोटी रुपये बोलून लखनौ घेतले, आणि पुण्याच्या पाटीवरचे नाव थोडे पुसून, थोडे रंगवून तिकडे लावले. खरेदीखत मालकाच्या नावे असले की असेच व्हायचे.

पुण्याची ही दुसरी वेळ होती. २०१० साली मंडळाने आठ संघांचे दहा केले, तेव्हा सहारा समूहाने ३७ कोटी डॉलर मोजून पुणे घेतले होते. दोनच वर्षांपूर्वी, २००८ साली, मुंबईचा संघ सर्वांत महाग म्हणून ११ कोटी १९ लाख डॉलरना गेला होता. म्हणजे दोन वर्षांत भाव तिपटीच्याही वर! पण ९४ सामन्यांचा हिशेब धरून बोली लावली आणि हंगामात सामने मात्र सत्तर-पंचाहत्तरच झाले, अशी मालकांची तक्रार होती. पैसे कमी करा, असे ते म्हणत, मंडळ ऐकेना. २०१३ मध्ये मंडळाने बँक हमी वटविली आणि मालकांनी काढता पाय घेतला. गहुंजेच्या मैदानाला दिलेले त्यांचे नावही पैसे थकल्यावरून त्याच वर्षी झाकण्यात आले. सोबतच घेतलेला कोचीचा संघ तर एका हंगामातच, २०११ मध्ये, बाद झाला होता. या सगळ्या भांडणात कोणाची बाजू खरी हे कोर्टाने पाहावे. मला एवढेच विचारावेसे वाटते, की पुणेकरांना या व्यवहारात एकदाही कोणी काही विचारले का?

यावर कोणी म्हणेल, "त्यात काय विचारायचे? ज्याचा पैसा त्याचा संघ." हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण मग प्रश्न असा की, नाव गावाचे कशाला हवे? साबणाला कोणी 'सोलापूर साबण' म्हणून लोकांना त्याच्यासाठी रडायला लावत नाही. संघाला मात्र गाव लागते, कारण गाव असल्याशिवाय माणूस गळा फाडून ओरडत नाही. मालक जे विकतो त्यातला अर्धा माल हे ओरडणेच आहे. आणि तो माल त्याला फुकट मिळतो.

पण त्याला गाव किती लागते? याचे उत्तर २०१६ च्या दुष्काळाने दिले. त्या वर्षी मी चौथीत होतो. आमचा जिल्हा लातूर. मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते १२ एप्रिलला, पाच लाख लिटर. आम्ही खेड्यातले, आम्हांला रेल्वेचे नाही, टँकरचे पाणी. आई रात्री घागरींची रांग लावून तिथेच पदर पसरून निजायची, हे मला चांगले आठवते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने हुकूम दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. असे तेरा सामने होते. मैदानावर मारल्या जाणाऱ्या पाण्याने मराठवाड्याची तहान भागणार नव्हती, हे मलाही कळते; आमच्याकडचा ऊस किती पाणी पितो हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. तो वाद येथे नको. माझे लक्ष वेधले ते पुढच्या गोष्टीने. पुणे आणि मुंबई या दोन्ही संघांनी पंधरा-वीस दिवसांत आपले 'घर' विशाखापट्टणमला हलविले. अंतिम सामना मुंबईहून बेंगळुरूला गेला. स्पर्धा ठरलेल्या तारखांना पार पडली. कोणाचे काही अडले नाही!

बिऱ्हाड हलवताना आपल्याकडे चुलीपासून तुळशीपर्यंत सारे हलवावे लागते. येथे हलवायला काही नव्हतेच. कारण संघाचे खरे घर पुण्यात नव्हते, ते टीव्हीच्या पेटीत होते. २०१७ साली पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क १६,३४७ कोटींना गेले. २०२२ मध्ये पुढील पाच वर्षांचे ४८,३९० कोटींना गेले. म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून अधिक. या रकमेचा सुमारे निम्मा भाग संघांकडे येतो, आणि त्यातला मोठा हिस्सा सर्वांना सारखा वाटला जातो. संघ हरो वा जिंको, मैदान भरो वा ओस पडो, तो हिस्सा यायचाच. तिकिटांचा पैसा त्यापुढे किती? २००९ साली निवडणुकांमुळे सगळी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत भरली होती, २०२० साली ती अरबस्तानात गेली. तरी मुंबई मुंबईच म्हणवून घेत होती. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचा संघ पुण्याला आला, तेव्हा त्यांचे चाहते खास रेल्वेगाडी करून गहुंजेला पोचले. पिवळ्या कपड्यांतली ती माणसे आणि आपल्या संघावाचून बसलेले पुणे, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे.

आता अमेरिकेकडे पाहू. तेथे हा धंदा आपल्याहून फार जुना, आणि तेथील मालक पक्के. ते गाव सोडण्याची नुसती धमकी देऊनही पैसा काढतात. ओकलंड नावाच्या शहराची कथा वाचताना मला राहून राहून आमच्या तालुक्याची आठवण आली. बंदराचे, कष्टकऱ्यांचे हे शहर. तेथील फुटबॉलचा संघ १९८२ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. तो परत यावा म्हणून शहराने आणि काउंटीने कर्ज काढून मैदान वाढविले. १९९५ मध्ये संघ परत आला, आणि २०२० मध्ये पुन्हा लास वेगासला निघून गेला. कारण तेथे नव्या मैदानासाठी हॉटेलांवरच्या करातून ७५ कोटी डॉलर मिळत होते. संघ गेला तरी मैदानाचे कर्ज ओकलंडकरांच्या मानेवर राहिलेच. दरम्यान बास्केटबॉलचा संघ २०१९ साली खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. उरला बेसबॉलचा. २०२३ च्या जूनमध्ये मालकाचा निषेध म्हणून लोकांनी मैदान ओस पाडायचे सोडून उलट ते भरवले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे आली आणि 'संघ विकून टाका' म्हणून ओरडली. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास वेगासमधील मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमध्ये त्यांचा शेवटचा सामना झाला. पाच वर्षांत तिन्ही संघ गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टीव्हीचा पैसा सारखा वाटला गेला, की मालकाला शेजाऱ्याहून पुढे जाण्यासाठी उरते ते मैदान. धनिकांसाठीच्या खास खोल्या, गाड्या लावण्याची जागा, जाहिरातींच्या पाट्या. म्हणून नवे मैदान हवे, आणि ते दुसऱ्याच्या खर्चाने हवे. आणि दुसरा खर्च का करतो? कारण संघ मोजके ठेवलेले असतात. संघ हवा असलेली शहरे जास्त, संघ कमी. एखादे मोठे शहर मुद्दाम रिकामे ठेवले, की बाकीच्यांना त्याचे भय दाखविता येते. लॉस एंजेलिससारखे प्रचंड शहर १९९५ ते २०१५ एवढा काळ फुटबॉल संघावाचून होते, याचा दुसरा अर्थ मला लागत नाही. आमच्या सरांनी टंचाई आणि किंमत यांचा संबंध फळ्यावर दोन रेषा काढून शिकवला होता. तो मला खरा कळला तो येथे.

क्लीव्हलंडचे लोक मात्र थोडे शहाणे निघाले. १९९५ मध्ये मालकाने संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर करताच शहर कोर्टात गेले. तडजोड अशी झाली की खेळाडू आणि मालक जातील. पण नाव, रंग आणि इतिहास शहराचाच राहील. १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ तेथे उभा राहिला. आणि लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावात तर संघाला मालकच नाही. १९२३ पासून तो भागधारकांचा आहे. आज ते पाच लाखांहून अधिक आहेत. त्या भागांवर लाभांश नाही, नफ्याने विकता येत नाहीत. कागदाचा तुकडा म्हणा हवे तर. पण त्या तुकड्यामुळे संघ शंभर वर्षे गावात टिकला. आता तेथील संघटनेने असा दुसरा संघ होऊ द्यायचा नाही असा नियम केला आहे, यातच सारे आले.

मालकांवर मी सरसकट आग पाखडतो आहे असे कोणास वाटेल, म्हणून एक गोष्ट कबूल करतो. २०१७ च्या लिलावात महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी पुण्याच्या संघाने १० लाखांना घेतला. त्याने त्या हंगामात ३९१ धावा काढल्या, आणि पुढल्या वर्षी राजस्थानने त्याला ३ कोटी ४० लाखांना नेले. मालक नसता, तर हे झाले नसते. सालगड्यालाही चांगला मालक भेटला तर दोन पोती ज्वारी जास्त मिळते, असे अण्णा म्हणतात. पण मालक रान विकून गेला तर गड्याने कोणाकडे पाहायचे, हेही तेच विचारतात.

हे सर्व लांबच्या शहरांचे झाले. माझ्या मनाला लागलेले जवळचे आहे. आमच्या गावचा कबड्डीचा संघ नागपंचमीला आणि जत्रेला खेळायचा. माझा थोरला भाऊ त्यात कोपरा सांभाळायचा. वर्गणीतून गुलाल यायचा, नारळ यायचा. बाकी खर्च नव्हताच. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने कपडे दिले, बूट दिले, मॅट दिली. छातीवर गावाचे नाव आणि खाली त्याचे नाव. गाव हरखले. मागल्या वर्षी तोच संघ त्याच नावाने तालुक्याच्या ठिकाणाहून उतरला. गावचे दोनच गडी ठेवले, बाकी बाहेरचे. मॅट तिकडे गेली. या जत्रेला आमच्या मैदानात सामना झाला नाही. भावाने बूट परत करावे का, यावर घरात दोन दिवस वाद चालला. शेवटी तो अनवाणीच बरा म्हणाला.

आता आणखी एक गृहस्थ गायरानातली जागा सपाट करून तेथे मैदान बांधून द्यायला तयार आहेत. मी ग्रामपंचायतीला एक अर्ज लिहिला. देणगीदाराचे नाव कमानीवर खुशाल मोठ्या अक्षरांत लावावे. पण मैदान आणि संघाचे नाव ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवावे, आणि ग्रामसभेच्या ठरावावाचून ते कोणाला नेता, विकता वा बदलता येऊ नये, एवढेच त्यात आहे. सरपंचांनी अर्ज वाचला आणि हसून म्हणाले, "धर्माच्या गाईचे दात मोजतोस होय रे?"

अर्ज पुढच्या ग्रामसभेपुढे यायचा आहे. त्यावर आतापर्यंत एकोणतीस सह्या झाल्या आहेत. पहिली अण्णांची.