थर्मामीटर फोडू नका!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही' असं सांगितल्यावर आधी घामच फुटला. (परभणीच्या उन्हाळ्यात तो तसाही फुटतोच!) पण मित्रांनो, विषय मनातला आहे, तेव्हा शुद्धलेखनाकडे थोडा कानाडोळा करा.

आपल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात कापड टाकलेलं एक जुनं मशीन आहे. गाडीच्या एसीतला गॅस हवेत न सोडता टाकीत भरून घेणारं रिकव्हरी मशीन. ते सुरू व्हायचं आणि दहा मिनिटांत प्रेशर वाढून बंद पडायचं. म्हणून त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी. आणि प्रॅक्टिकल? ते जर्नलमध्ये दरवर्षी व्यवस्थित पार पडतं. रीडिंग्ज सीनियर्सच्या जर्नलमधून, काम ओक्के!

यंदा आम्ही चौघांनी ते उघडायचं ठरवलं. पहिला सल्ला आला, "कॉम्प्रेसर गेलाय, भंगारात द्या." दुसरा आमच्यातल्याच एकाचा, "कट-ऑफ स्विच वायर टाकून बायपास कर, चालतंय बघ!" त्यावर लॅबमधले मामा शांतपणे म्हणाले, "पोरांनो, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडता का?"

खरंच की! स्विच बिघडला नव्हता, तो बिघाड सांगत होता. त्याचं तोंड बंद केलं असतं आणि टाकी फुटली असती तर?

मग रात्रभर मशीन बंद ठेवलं. सकाळी टाकीजवळ तापमान ३० अंश. टाकीत निव्वळ आर-१३४ए असेल तर अशा वेळी गेजवर साधारण ९७ पीएसआय दिसायला हवं. दिसलं १४०! गेजचा काटा मोकळ्या हवेत शून्यावर येतो, हे आधीच पाहिलं होतं. म्हणजे टाकीत हवा तरी होती, नाहीतर दुसरा गॅस. रजिस्टरमध्ये दुसऱ्या गॅसची नोंद नव्हती. सरांच्या देखरेखीखाली पर्ज व्हॉल्व्हमधून थोडं थोडं सोडत, मध्ये थांबत गेलो. काटा १०० च्या आसपास स्थिरावला. हवाच होती! ती शिरली कुठून? व्हॅक्यूम करून व्हॉल्व्ह बंद केले, तर काटा हळूहळू परत चढला. सक्शन होजचं रबरी वॉशर चिरलेलं निघालं. कॉम्प्रेसर ठणठणीत!

एवढ्याशा वॉशरचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं असं, की हे मशीन बंद राहिलं की गॅस 'फुस्स' करून आकाशात जातो. माँट्रियल करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ मध्ये आला. ओझोन खाणारा आर-१२ गेला, त्याच्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो. एका गाडीतला अर्धा किलो गॅस म्हणजे सातशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड! उन्हाने भाजणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे परवडेल का?

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ऐकून ऐकून आपण दुरुस्त होणारी गोष्टही सोडून देतो. माझी विनंती दोनच गोष्टींची. 'नादुरुस्त' चिठ्ठीवर काय तपासलं, किती रीडिंग आलं, तेही लिहा. आणि जे प्रॅक्टिकल झालं नाही, त्याचं पान कोरं ठेवायची हिंमत करूया. माझ्या जर्नलपासून सुरुवात केली आहे. मार्क गेले तर गेले!