बॅकबेची जमीन राहिली, घेणारे बुडाले

१/ १८६५ साली मुंबई का बुडाली? ठरावीक उत्तर असे : अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शहराचे दिवाळे निघाले. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात दोष परक्या भूमीवरच्या तहाला देता येतो. पण भाव उतरल्याने व्यापाऱ्याचा नफा आटतो. त्याचे घरदार लिलावात निघते ते कर्जामुळे.

२/ १८६१ मध्ये युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा खरा होता. तो गुंतवण्यासाठी मुंबईने समुद्राकडे पाहिले : भराव घालून नवी जमीन करायची. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. भराव मात्र अजून व्हायचाच होता.

३/ इथवर ते केवळ धाडस होते. अनर्थाचे मूळ पुढे आहे. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्जे देण्याची वाट मोकळी झाली. मग चक्र फिरू लागले. कर्ज काढून शेअर घ्यायचा, तोच गहाण टाकायचा, त्यावर पुन्हा कर्ज काढायचे. भाव चढला की तारण फुगे, तारण फुगले की कर्ज वाढे आणि त्या कर्जानेच भाव आणखी चढे.

४/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. १ जुलै हा वायदे फेडण्याचा ठरलेला दिवस होता. ज्याच्याकडून येणे होते त्याचेही हात रिकामे निघाले. देण्याची साखळी पहिल्या कडीपासून तुटत गेली. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली.

५/ सारे खापर प्रेमचंद रायचंद यांच्यावर फोडण्याची प्रथा आहे. त्यांचा दोष मोठा होता, हे खरे. परंतु एकट्या माणसाला शहर बुडवता येत नाही. फुगलेल्या भावाला तारण मानणारी बँक आणि उधारीला स्वतःची ऐपत समजणारे हजारो हात त्यासाठी लागतात.

६/ ‘जमीन कधी बुडत नाही’ हे वाक्य आजही घरे विकताना ऐकवले जाते. ते खरेच आहे. बॅकबेचा जो भराव झाला, त्यावरून पुढे कुलाब्याकडे रेल्वे धावली. जमीन टिकली, ती पाहायला तिचे मूळ भागधारक मालक म्हणून उरले नाहीत.

७/ हिशेब आजही तोच आहे. १ कोटीचे घर, पदरचे २५ लाख, कर्ज ७५ लाख. भाव १० टक्के चढला की पदरच्या पैशावर ४० टक्के लाभ दिसतो, आणि याच आकड्याला लोक हुशारी म्हणतात. भाव २५ टक्के उतरला की पदरचे सारे गेले. हप्ता मात्र एका रुपयाने उतरत नाही. त्यात भाडेकरू नसेल आणि अशीच तीन घरे घेतलेली असतील, तर चांगला काळ परत येईपर्यंत थांबण्याची मुभाही उरत नाही. जमिनीला वाट पाहता येते. सावकाराला ती पाहायची नसते.